सोडियम संपलं त्या वर्षी

बाटली डेहणकर सरांनी पहिल्या पगारातून आणली होती,
नागपूरहून, एस.टी.त मांडीवर धरून,
आणि शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा
औषध आहे म्हणाले. कुणाचं, ते नाही सांगितलं.

रॉकेलात बुडालेली मळकट ढेप,
लोखंडी कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या वर.
किल्ली उकंडा शिपायाच्या करदोट्याला.
वर्षातून एकदाच निघायची, आठवीसाठी.

पहिल्या बॅचला हरभऱ्याएवढा तुकडा मिळाला.
त्यांच्यातला एक आता दिग्रसला तलाठी आहे,
अजून सांगतो की पाणी छताला लागलं होतं.
मग तुरीएवढा. मग मुगाएवढा.
माझा भाऊ गुणवंत मुगाच्या वर्षीचा.
त्याच्यानंतर दोन वर्षं तिळावर निभली.
सर सुरीने कापायचे तेव्हा आतून चांदी दिसायची म्हणे,
आणि "पाहा" म्हणेस्तोवर
मळून जायची.

मी आठवीत गेले तेव्हा बाटलीत
रॉकेल होतं, आणि बुडाशी पांढरी खपली.
सरांनी ती उन्हाकडे धरली, हलवली.
"संपलं," म्हणाले.
मागून कुणीतरी विचारलं,
"मंग आता परीक्षेत येईन का नाई, सर?"

उकंडाने खिचडीची परात मात्र घासून आणली होती.
पाणी भरलं होतं, काठाला चार बोटं कमी,
दरवर्षीसारखं.
ते ओतून द्यायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

सर म्हणाले, मागं सरा.
आम्ही सरलो.
त्यांनी चिमटा बाटलीत घातला, बाहेर काढला.
चिमट्यात काही नव्हतं.
ते काही-नाही त्यांनी टीपकागदावर पुसलं,
सुरीने अर्धं केलं,
अर्धं परत बाटलीत टाकलं, पुढच्या वर्षीसाठी,
आणि उरलेलं पाण्यात सोडलं.

"पाय, पाय, धावलं!"
हे सर नव्हते, उकंडा होता,
अकरा वर्षं दारात उभं राहून पाहिलेला माणूस.
"आता गोल झालं. आता सुईसुई करते.
काठाले लागू द्या, पोट्टेहो, उडन!"
सर नुसतं बोट फिरवत होते पाण्यावरून
आणि आम्ही चाळीस जण
त्या बोटाच्या थोडं पुढे
काहीतरी पळताना बघत होतो.
पुष्पकला टेकाम किंचाळली, थेंब उडाला म्हणून.
थेंब खराच होता. परात हलली होती.

शेवटी फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब.
ते होतं, ते पुष्कळ होतं.
त्याने पाणी गुलाबी होतं, पुस्तकात दिलंय,
गुणवंतनेही घरी सांगितलं होतं.
थेंब पडले.
पाणी जसंच्या तसं.

सरांच्या खिशात तंबाखूची डबी असायची,
एका अंगाला तंबाखू, दुसऱ्या अंगाला चुना.
नखभर चुना परातीत पडला असता
तर पाणी लालगुलाबी झालं असतं
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.
सरांनी डबी काढली.
मी पहिल्या बाकावर होते, मी पाहिलं.
चुन्याचं झाकण उघडलं,
त्याच्याकडे बघत राहिले.
मग मिटलं, खिशात टाकलं.
"सोडियम नव्हतं, म्हणून नाही झालं," म्हणाले. "लिहा."

आम्ही लिहिलं.
निरीक्षण: पाण्याचा रंग बदलला नाही.

परवा गुणवंत आला होता.
ओसरीवर तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसलो होतो,
त्याला विचारलं, कसं होतं रे तुमच्या वर्षीचं?
"कोन्तं?" म्हणाला.
आणि बऱ्याच वेळाने,
"फुस्स झालं काहीतरी. मी मागं होतो, नीट दिसलं नाई."

तेवढ्यात त्याच्या हातचा एक दाणा निसटला,
पाण्याच्या गंजात पडला, गरकन फिरला.

मी मागं सरले.

"काहून वं?" गुणवंत म्हणाला.